मीठ कोण धुतं?

‘स्मृतिचित्रे’चं कौतुक सगळेच करतात, पण त्यातला देव बहुतेक जण गाळून वाचतात. शाळेत त्यातला एखादा हसवणारा उतारा भेटतो. पुढे कॉलेजात कुणीतरी सांगतं की हे मराठीतलं थोर आत्मचरित्र आहे, बाईनं बोलल्यासारखं लिहिलंय बघा. दोन्ही खरं आहे. पण लक्ष्मीबाई टिळकांनी सांगितलेली मुख्य गोष्ट वेगळी आहे. एका माणसानं आपला धर्म पूर्ण मनानं जगायचं ठरवलं आणि त्याचा हिशेब घरातल्या बाईला भागवावा लागला. ती रडली, चिडली, काही वर्षं वेगळी राहिली, आणि शेवटी विचार करून तिनंही तोच धर्म घेतला. एवढं वगळून पुस्तक वाचलं तर हाती नुसत्या गमतीजमती उरतात.

चर्चमध्ये नेमकं उलटं होतं. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले, आता नेरूळला राहते. आमच्याकडे हे पुस्तक ‘साक्ष’ म्हणून सांगितलं जातं. विद्वान ब्राह्मण कवीला ख्रिस्त भेटला, मागोमाग पत्नीलाही भेटला, आमेन. या सांगण्यात लक्ष्मीबाईंचा राग कुठे येतच नाही. म्हणजे एक वाचक देव गाळतो, दुसरा राग गाळतो. मला वाटतं, या पुस्तकात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. ‘रोजच्या जगण्यात पूर्ण मनानं भक्ती’ हे वाक्य आम्ही दर रविवारी ऐकतो. त्या वाक्याची मराठीतली सगळ्यात कडक परीक्षा या पुस्तकात घेतलेली आहे.

सुरुवात मिठापासून होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले. वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं. त्यामागे कुटुंबाच्या नात्यात झालेल्या एका फाशीचा धसका होता. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुवायचं, गूळ धुवायचा, मीठसुद्धा धुवायचं. आपण हे वाचून हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवतात. पण मीठ धुतल्यावर काय उरतं, आणि ते धुणारे हात कुणाचे? वडिलांची भक्ती खरी होती, रोजची होती, तिच्यात कुठेही खाडा नव्हता. तिचे कष्ट मात्र घरातल्या बायकामुलांनी उपसले. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला हे येतं, हा मला योगायोग वाटत नाही. लक्ष्मीबाईंनी मुद्दाम योजलं असेल-नसेल, पण पुढच्या सगळ्या पुस्तकाची मोजपट्टी तिथेच आपल्या हातात येते.

मग टिळक येतात. नारायण वामन टिळक कवी, वक्ते, शीघ्रकोपी, आणि पैसा हातात न टिकणारे. कधी घरातून न सांगता निघून जातील, कधी कुणाला घेऊन येतील, सांगता येत नाही. १८९३ साली आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात हा दिवस विजयाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो घर कोसळल्याचा दिवस आहे. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान मुलगा, माहेरच्या माणसांचा आधार. त्या काळात त्या पंढरपूरलाही बहिणीकडे राहिल्या. नवऱ्याला नवा देव सापडला म्हणून बायको विठोबाच्या गावात दिवस काढतेय, यातला विरोधाभास त्या ओरडून सांगत नाहीत. आपल्याला तो दिसतोच.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. टिळकांची भक्ती आणि सासऱ्यांचं सोवळं, यात फरक काय? दोघंही शंभर टक्के मनानं जगले. दोघांनीही घरच्यांना विचारलं नाही. दोघांच्याही धर्माचा चुलीवर परिणाम झाला. धर्मांतर चांगलं की वाईट, हा वाद बाजूला ठेवून हे पुस्तक वाचलं तर हा प्रश्न चुकवता येत नाही.

मला सापडलेलं उत्तर असं. सासऱ्यांचा धर्म दार लावून घेतो, टिळकांचा धर्म दार उघडतो. एकाला बाहेरच्याचा स्पर्श नको, दुसरा बाहेरच्याला थेट घरात आणून बसवतो. नगरच्या त्यांच्या घरात दुष्काळानं पोरकी झालेली मुलं आली, आजारी माणसं आली, कवी आले. बालकवी ठोंबरे या घरात राहिले, आणि ते ख्रिस्ती नव्हते. मराठी कवितेला त्या घरानं काय दिलं हे वेगळं सांगायला नको. पण दार उघडणारा एक आणि आलेल्याला जेवायला वाढणारी दुसरी, ही वाटणी दोन्ही घरांत सारखीच राहिली. टिळकांच्या दातृत्वाला लक्ष्मीबाईंच्या पिठाच्या डब्याचा आधार होता. तो डबा रिकामा झाल्यावरची तारांबळ त्या इतक्या मजेत सांगतात की आपण टिळकांवर रागवायचंच विसरतो. हा विनोद क्षमेतून आलेला आहे, आणि जिला नीट आठवतंय तीच क्षमा करू शकते. म्हणून मला तो विनोद हलका वाटत नाही.

पुस्तकाचा गाभा त्यानंतर येतो. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्या आपलं सोवळं, आपलं पाणी, आपला स्वयंपाक सांभाळत राहिल्या. एका संसारात दोन धर्म, आणि मधली सीमा पाण्याच्या भांड्यापाशी. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांचं मोठेपण. लक्ष्मीबाईंचा पुढचा बदलही प्रवचन ऐकून झालेला नाही. आधी त्यांच्या मनातली जात गेली. माणसामाणसांत विटाळ देवानं केला की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. जिच्या वडिलांच्या घरी मीठ धुतलं जात होतं, तिनं आधी मीठ धुणं सोडलं आणि मग देव बदलला. श्रद्धा खरी की खोटी हे ताटात आणि तांब्यात कळतं, असं त्या कुठे म्हणत नाहीत. त्यांच्या आयुष्यात ते तसं घडलं आहे.

त्यानंतर कष्ट कमी झाले का? मुळीच नाही. प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, दुसऱ्यांची मुलं वाढवली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना. केवढी धाडसी! घराचा नेमाचा पैसा मात्र पुन्हा थांबला. आता फरक एवढाच की लक्ष्मीबाई फरफटत नव्हत्या, त्या भागीदार होत्या. टिळक १९१९ साली गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, आणि बहुतांश अध्याय त्यांचेच आहेत. ज्यांना नवऱ्यानं जेमतेम अक्षरओळख करून दिली, त्यांनी नवऱ्याचं महाकाव्य तडीस नेलं. पूर्ण मनाची भक्ती म्हणजे काय, याचं टिळकांच्या अभंगांइतकंच सबळ उदाहरण मला यात दिसतं.

याच काळात दुसरी एक बाई हा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सोडवत होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावला मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळात त्यांनी शेकडो विधवा आणि मुली तिथे आणल्या. केडगावची प्रार्थना प्रसिद्ध आहे. पण मला तिथला छापखाना जास्त बोलका वाटतो. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाई स्वतः बायबल मराठीत आणत होत्या, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत, आणि खिळे जुळवणं, छापणं ही कामं तिथल्या बायका शिकत होत्या. म्हणजे भक्ती एकीची आणि राबणं दुसरीचं, अशी फाळणी तिथे निदान कमी होती. कमी, संपलेली नव्हे. रमाबाईंची मुलगी मनोरमा आईचा उजवा हात म्हणून राबली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाईंनी अनुवाद पुरा केला आणि १९२२ साली त्याही गेल्या. त्या अनुवादाच्या मागे एक लेक उभी आहे, हे विसरून तो वाचला तर पुन्हा आपण काहीतरी गाळलेलंच असतं.

आता या पुस्तकाबद्दलची माझी तक्रार. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. माझं कुटुंब त्यांतलंच. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसं आहेत, लक्ष्मीबाईंना त्यांच्याबद्दल माया आहे, पण ती बहुतेकदा कडेला उभी दिसतात. ब्राह्मणानं विटाळ सोडला ही घटना ठरते. जिच्या हातचं पाणी आता चालू लागलं, तिला त्या दिवशी काय वाटलं हे कुणी लिहिलेलं नाही. माझ्या पणजीला लिहिता येत नव्हतं. घरात तिची एकच गोष्ट उरली आहे, की ती रोज पहाटे दळता दळता ख्रिस्ती ओव्या म्हणायची. जात्यावर कष्ट आणि भक्ती एकाच हातात होती, हिशेब दुसऱ्या कुणावर टाकायची सोयच नव्हती. तिनं पुस्तक लिहिलं असतं तर ते ‘स्मृतिचित्रे’इतकं हसवणारं झालं असतं का, ठाऊक नाही. लक्ष्मीबाईंना हा दोष द्यावा असंही मला वाटत नाही. त्यांनी स्वतःच्या चुलीचं खरं सांगितलं. पण मराठी ख्रिस्ती जगणं म्हणजे टिळकांचं घर, असं जेव्हा साहित्यातली माणसं म्हणतात, तेव्हा ती हजारो जाती ऐकायची राहून जातात.

मग आज नवी मुंबईत बसून हे पुस्तक का वाचायचं? कारण आपली पिढी ‘पॅशन’ या शब्दाच्या फार प्रेमात आहे. कुणी धर्मात झोकून देतं, कुणी चळवळीत, कुणी स्टार्टअपमध्ये. झोकून देणाऱ्याचे रील्स होतात. इथे रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना भरते, मल्याळम, तमिळ, मराठी, इंग्रजी. गाणारे डोळे मिटून गातात आणि ते खोटं नसतं. पण उपासना संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं, चहाची भांडी कोण विसळतं, आणि ‘सेवे’ला गेलेल्या माणसाच्या आईला दवाखान्यात कोण घेऊन जातं, याकडे मी अलीकडे बघू लागले आहे. ही सवय मला लक्ष्मीबाईंनी लावली.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की अर्ध्या मनानंच जगावं, म्हणजे कुणाला त्रास नाही. लक्ष्मीबाईंचं पुस्तक हे म्हणू देत नाही. टिळक बेतानं, जपून ख्रिस्ती झाले असते तर त्या घराचं दार कधी उघडलंच नसतं. लक्ष्मीबाईंना ते माहीत होतं, म्हणून सगळा हिशेब मांडूनही त्या शेवटी टिळकांच्या बाजूनं उभ्या राहतात. ख्रिस्तानं आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली. माझ्या लेखी तिचा अर्थ साधा आहे. मीठ अन्नात विरघळायला हवं, आणि ते धुवायला दुसऱ्या कुणाला बसवायला नको.

पुस्तक मोठं आहे, चार भागांत लिहिलेलं, आणि शेवटाकडे त्याची गती मंदावते. सगळं एका दमात वाचायची गरज नाही. लोकलमध्ये फोनवर वाचत असाल तर पहिली काही प्रकरणं वाचा आणि प्रत्येक प्रसंगात एकच गोष्ट शोधा, की या क्षणी काम कोण करतंय. हसू तर येईलच. पण घरी पोचल्यावर ओट्याजवळ कोण उभं आहे, हेही दिसेल.