पंच्याण्णव, पण कुणाविरुद्ध?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या तुफानी आक्रमणांच्या आठवणी निघाल्या, की एक स्कोअर हमखास येतो: ९५–२१. तारीख २१ ऑक्टोबर १९८९, जागा ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम. ह्यूस्टन विद्यापीठाने सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला, म्हणजे एसएमयूला, धुतलं. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा हातात चेंडू घेऊन यार्डायार्डाने पुढे सरकण्याचा खेळ. एका सामन्यात चारशे यार्ड मिळाले तरी दिवस चांगला गेला म्हणतात. ह्यूस्टनने त्या दिवशी १,०२१ यार्ड मिळवले. त्यांचा क्वार्टरबॅक आंद्रे वेअर याने पहिल्या अर्ध्यातच ५१७ यार्डांचे पास फेकले आणि त्यातून सहा टचडाउन झाले.

तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरीही हे आकडे वाचताना मला हुरहुर लागते. न जगलेल्या काळाची हुरहुर ही आमच्या पिढीची खासियतच आहे. पण या आठवणी ज्या पद्धतीने सांगितल्या जातात, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. ह्यूस्टनच्या आक्रमणाचं नाव ‘रन अँड शूट’. ओहायोतल्या एका हायस्कूलचे प्रशिक्षक टायगर एलिसन यांची ही कल्पना. माउस डेव्हिस यांनी ती पोर्टलँड स्टेटमध्ये वाढवली आणि जॅक पार्डी व जॉन जेंकिन्स यांनी ह्यूस्टनमध्ये टोकाला नेली. मैदानावर चार रिसीव्हर पसरवायचे. कोणी कुठे पळायचं हे आधी पक्कं करायचं नाही. बचावपटू आत सरकला तर बाहेर वळायचं, मागे हटला तर समोर थांबायचं. क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी तेच वाचायचं आणि रिसीव्हर जिथे पोचणार आहे तिथे चेंडू टाकायचा. प्रोग्रॅमरच्या भाषेत, सगळे इफ-एल्स रनटाइमला, आणि तेही पाच डोक्यांत एकाच वेळी. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. वेअरने त्या मोसमात ४,६९९ यार्डांचे पास आणि ४६ टचडाउन केले. हाइसमन ट्रॉफी जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

आता तक्रार. एखाद्या सर्व्हरने सेकंदाला लाख रिक्वेस्ट झेलल्या असं कुणी सांगितलं, की आम्ही लगेच विचारतो: कुठल्या लोडवर? आकडा एकटा काही सांगत नाही. ९५ हा आकडाही एकटा काही सांगत नाही. तो कुणाविरुद्ध झाला?

एसएमयूने खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने १९८७ मध्ये त्यांचा अख्खा मोसम रद्द केला होता. या शिक्षेला तिकडे ‘मृत्युदंड’ म्हणतात. १९८८ मध्येही त्यांनी संघ उतरवला नाही. १९८९ मध्ये जे उतरले त्यांत बहुतेक पहिल्या वर्षाची पोरं. त्यांना सांभाळायला फॉरेस्ट ग्रेग आले. ते एकेकाळचे ग्रीन बे पॅकर्सचे दिग्गज आणि एसएमयूचेच माजी विद्यार्थी. पैसे घेणारे केव्हाच निघून गेले होते. ९५ गुण खाल्ले ते त्यांच्यामागून आलेल्यांनी.

आणि समोरचे? ह्यूस्टनवरही आधीच्या प्रशिक्षकाच्या काळातल्या गैरप्रकारांची शिक्षा चालू होती. त्या वर्षी त्यांचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी, मोसमाअखेरच्या मानाच्या बोल सामन्यालाही बंदी. वेअरला देशाने खेळताना फारसं पाहिलंच नाही, वाचलं. मग स्वतःला सिद्ध करायला उरलं काय? स्कोअर. मला वाटतं, त्या धुलाईत माज होता तितकीच कोंडीही होती. करून गेले एक आणि भोगणारे दुसरे, असे दोन संघ त्या दिवशी समोरासमोर होते. आठवणींच्या यादीत यातलं काही येत नाही. तिथे फक्त ९५ येतात.

ही सवय आपल्याकडेही आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी. काठियावाडने सामनाच सोडून दिला. ही गोष्ट आपण कायम विक्रम हुकल्याची हळहळ म्हणून सांगतो, आणि ती हळहळ योग्यच आहे. पण त्या अकरा जणांच्या पायांचं काय झालं असेल, हे कधी कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. निदान त्यांना उठून जाता आलं. एसएमयूच्या पोरांना घड्याळ संपेपर्यंत उभं राहावं लागलं.

म्हणजे ह्यूस्टनची आठवण काढूच नये का? काढावी, पण योग्य सामन्याची. त्या ९५ च्या आधीच्याच आठवड्यात टेक्सस ए अँड एमने याच ह्यूस्टनला १३ गुणांवर रोखून १७–१३ असं हरवलं होतं. नंतरच्या आठवड्यात अर्कान्सासने त्यांना ४५–३९ असं हरवलं. त्या वर्षीचं साउथवेस्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद अर्कान्साससच्याच नावावर गेलं. म्हणजे तो प्रसिद्ध विक्रम दोन पराभवांच्या मधोमध उभा आहे. माझ्या लेखी ह्यूस्टनच्या आक्रमणाची खरी ताकद त्या ३९ मध्ये आहे. समोर तयारीचा संघ होता, तोडीस तोड उत्तर येत होतं, आणि तरीही ही कल्पना ३९ गुण काढून गेली. हरलेला सामना असल्यामुळे तो आठवणींच्या यादीत सापडत नाही.

पुढे १९९० मध्ये डेव्हिड क्लिंगलरने ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध एका सामन्यात ११ टचडाउन पास फेकले आणि स्कोअर झाला ८४–२१. ईस्टर्न वॉशिंग्टन हा तर खालच्या विभागातला संघ. तोही आकडा आज असाच एकटा फिरतो.

स्मरणरंजनाला माझी हरकत नाही. त्याशिवाय खेळ निव्वळ एक्सेल शीट होईल. पण विक्रम दोन संघ मिळून करतात, एक गुण घेऊन आणि दुसरा देऊन. २१ पासून १०२१ पर्यंतचे सगळे आकडे लक्षात ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावा. दोन वर्षं बंद पडलेल्या एसएमयूच्या त्या संघाने, त्या दिवसासकट नऊ पराभव पचवून, त्याच मोसमात दोन सामने जिंकले. विक्रमांच्या पुस्तकात त्याला जागा नाही. मला मात्र १९८९ चं नाव काढलं की ते दोन विजयही मोजावेसे वाटतात.