पथ्य बरोबर, मीमांसा चुकीची : सिडनी हास यांच्या केळी-आहाराची चिकित्सा

सीलिअॅक आजाराच्या आहारोपचाराचा विचार करताना अमेरिकी बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांच्या १९२४ मधील निबंधाची दखल घ्यावीच लागते. त्यातील दहा बालरुग्णांपैकी आठ जणांना केळी-आहार देण्यात आला व ते सुधारले. ज्या दोघांना तो मिळाला नाही, ते दगावले. हतबल पालकांना हा आहार वरदान वाटला, यात नवल नाही.

परंतु या आहाराचे सामर्थ्य केळ्यात नव्हते. पिष्टमय पदार्थच दोषी, अशा समजुतीने हास यांनी पाव, बटाटे व सर्व तृणधान्ये वर्ज्य केली. त्यात गहू ओघानेच सुटला, मात्र निर्दोष भात व बटाटाही विनाकारण गेला. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा दोष सिद्ध केला आणि लवकरच ग्लूटेन हे गव्हातील प्रथिन त्याचे कारण ठरले. तरीही हास यांच्या १९५१ च्या ग्रंथात कर्बोदकांविषयीचा जुनाच आग्रह दिसतो.

ही चूक केवळ तात्त्विक नव्हती. हा आजार पूर्ण बरा होतो, असे हास मानीत. साहजिकच सुधारलेल्या मुलाच्या ताटात पाव परत येण्याचा मार्ग मोकळा होई. वस्तुतः हे पथ्य आजन्म पाळावे लागते. ग्लूटेन पुन्हा पोटात गेले की लहान आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर झिजतात. लोह, फॉलिक आम्ल व कॅल्शियम यांचे शोषण घटते. बाह्य लक्षणे नसतानाही ही हानी चालू राहू शकते.

आज ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दाभोवती असेच वलय आहे. अशी अनेक तयार उत्पादने मक्याचा स्टार्च व पांढऱ्या तांदळाचे पीठ यांपासून बनतात. त्यांत तंतुमय घटक व लोह अल्प असते. म्हणजे दोष टळतो, पण पोषण साधतेच असे नाही. आपल्याकडील ज्वारी, बाजरी, नाचणी या दृष्टीने सरस ठरतात. तथापि गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली ज्वारी किंवा गव्हाचे पीठ मिसळलेला हिंग पथ्य मोडू शकतो.

सारांश, गुण आला म्हणजे कारण कळले, असे होत नाही. हास यांच्या निरीक्षणाचे मोल मान्य करूनही त्यांचा निष्कर्ष नाकारावा लागतो, तो याचसाठी.