धार्मिक थरारकादंबरी आणि सामूहिक वाचन

ख्रिस्ती धर्मेतिहासातील एखादे रहस्य, त्याच्या मागावर निघालेला विद्वान आणि ते दडवू पाहणारी गुप्त संघटना या तीन खांबांवर उभी असलेली धार्मिक थरारकादंबरी हा पाश्चात्त्य लोकप्रिय साहित्यातील एक ठळक प्रकार आहे. उंबेर्तो एको यांच्या १९८० सालच्या 'द नेम ऑफ द रोज' या कादंबरीने १३२७ सालच्या एका इटालियन मठातील खुनांचा छडा लावता लावता ख्रिस्ताच्या दारिद्र्याविषयीचा खरा मध्ययुगीन वाद वाचकांपुढे ठेवला. १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' या सोळा पुस्तकांच्या मालिकेने मात्र वेगळी वाट धरली. श्रद्धावंतांना अंतकाळी अकस्मात स्वर्गात उचलून नेले जाईल, या काही प्रोटेस्टंट पंथांच्या समजुतीलाच तिने कथानक बनवले. या दोन टोकांच्या मध्ये डॅन ब्राउन यांची २००३ सालची 'द दा विंची कोड' येते आणि या प्रकाराचे बळ व दुबळेपण दोन्ही तिच्यातच सर्वांत स्पष्ट दिसते.

कादंबरीच्या आरंभीच 'तथ्य' या शीर्षकाखाली, 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झाली, असे सांगितले आहे. प्रत्यक्षात ती प्येर प्लांतार या फ्रेंच गृहस्थाने १९५६ साली नोंदवलेली संस्था होती आणि तिची प्राचीन वंशावळ बनावट होती. इ.स. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेत येशूचे ईश्वरत्व थोडक्या मताधिक्याने ठरले, हे कादंबरीतील विधानही टिकत नाही. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की पित्याने निर्मिलेला, हा तेथील वाद होता आणि परिषदेच्या श्रद्धासूत्राला अखेरपर्यंत नकार देणारे बिशप केवळ दोन होते.

आखूड प्रकरणे आणि प्रत्येकाच्या शेवटी टांगून ठेवलेली उत्सुकता यांमुळे एकट्या वाचकाला अशा विधानांपाशी थांबायला उसंत मिळत नाही, आणि ती उसंत वाचकगट मिळवून देतो. ठरावीक प्रकरणांनंतर पुस्तक मिटून चर्चा करण्याची शिस्त पाळली, तर ज्या वेगाने शंका मागे पडते तो वेगच चर्चेचा विषय होतो. मात्र अशा गटांपुढे दोन धोके असतात: एक, कादंबरीलाच इतिहास मानण्याचा, दुसरा, चुकांची यादी करून समाधान मानण्याचा. दुसरा धोका अधिक फसवा आहे, कारण त्यात कोट्यवधी वाचकांना ही कथा का भावली, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

त्या प्रश्नाचे उत्तर येशूची अनुयायी आणि कादंबरीने त्याची पत्नी ठरवलेली मग्दालियाची मरिया हिच्यापाशी आहे. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ सालच्या एका प्रवचनात तिला बायबलमधील एका पापिणी स्त्रीशी एकरूप मानले, ज्याला शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, स्पष्ट आधार नाही. कॅथलिक उपासनेने ही ओळख १९६९ साली सोडली. म्हणजे येशूशी तिच्या विवाहाची आणि त्यांच्या वंशाची कादंबरीतील कथा निराधार असली, तरी परंपरेत एका स्त्रीवर अन्याय झाला ही वाचकाची जाणीव निराधार नव्हती. प्रश्न खरा आणि उत्तर काल्पनिक, अशी ही गुंतागुंत उलगडणे हेच सामूहिक वाचनाचे खरे काम आहे.

'द दा विंची कोड' मराठीतही आली आहे आणि ख्रिस्ती परंपरेशी फारसा परिचय नसलेल्या मराठी वाचकाला हे काम अधिक कठीण जाते. अशा वेळी फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' शेजारी ठेवता येते, आणि वसईतील किंवा गोव्यातील ख्रिस्ती वाचक गटात असेल तर ग्रंथातील शब्दांना जगलेल्या श्रद्धेचा संदर्भही लाभतो. ज्याच्या धर्मावर कादंबरी रचली आहे, तो वाचक समोर बसलेला असताना 'चर्चने सत्य लपवले' हे वाक्य सहज उच्चारता येत नाही. त्याला पुरावा द्यावा लागतो, आणि त्याचे म्हणणे ऐकूनही घ्यावे लागते. या कादंबऱ्यांना ज्या सावकाश, जबाबदार वाचनाची सर्वाधिक गरज आहे, ते येथूनच सुरू होते.