सत्तेचा तिसरा चेहरा आणि महाडचे तळे

सत्ता कुणाच्या हाती आहे, हे ओळखायचे कसे? रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतील न्यू हेवन शहराचा अभ्यास करून १९६१ साली उत्तर दिले: निर्णयाच्या वेळी कुणाचे म्हणणे टिकते ते पाहा. बॅकरॅक आणि बॅराट्झ यांनी १९६२ साली दाखवले की, एखादा प्रश्न चर्चेलाच येऊ न देणे हीही सत्ताच. स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ साली ‘पॉवर: अ रॅडिकल व्ह्यू’ या छोट्या पुस्तकात तिसरा चेहरा दाखवला: माणसाच्या इच्छाच अशा घडवायच्या की त्याला तक्रारच सुचू नये.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. राज्यशास्त्र शिकवताना हे पुस्तक मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. कारण ल्यूक्स जातिव्यवस्थेचे उदाहरण घेतात आणि खालच्या जातींनी आपली पायरी मनोमन मान्य केली होती, असे गृहीत धरत नाहीत. ते अस्पृश्यांच्या धर्मांतरांकडे, बाबासाहेबांनी निवडलेल्या बौद्ध धम्माकडे बोट दाखवतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. आमची चळवळ त्यांच्या सिद्धांताला केवळ पुरावा म्हणून येते. वास्तविक ती स्वतःच सत्तेची मीमांसा आहे.

महाड पाहा. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही केला. डाल यांच्या कसोटीवर अस्पृश्य जिंकलेच होते! तरी तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी ते प्याले, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला. म्हणजे तोवरचे मौन ही संमती नव्हती. त्यामागे मार होता, बहिष्कार होता. नऊ महिन्यांनी, २५ डिसेंबरला, त्याच महाडात मनुस्मृती जाळली. हा घाव मने घडवणाऱ्या सत्तेवर होता. भयाची सत्ता वेगळी आणि मनावरची सत्ता वेगळी, हा भेद ल्यूक्स यांच्या पुस्तकाआधी ४७ वर्षे आमच्या माणसांनी कृतीने केला होता.

हा भेद विसरला की तिसरा चेहरा विद्वानाच्या हाती धोक्याचा होतो. ‘तुझे खरे हित मला कळते’, असे तो शोषितालाच सांगू लागतो. कार्यकर्त्यांनो, गावात कुणी गप्प दिसला तर त्याला अजाण ठरवू नका. तो बोलला तर त्याचे काय जाईल, याचा हिशेब आधी मांडा: मजुरी, किराणा, पाणी, घराकडची वाट.