लिंगो : वंशाविना मूळपुरुष

कोणताही कुलवृत्तांत उघडावा, पहिल्या पानावर मूळपुरुष भेटतोच. तो कोठून तरी आला, त्याने अमुक गावी वतन मिळविले, त्यास इतके पुत्र झाले. आणि तेथून वंशवृक्षाच्या शाखा फुटत थेट आपल्या नावापर्यंत येऊन पोहोचतात. मूळपुरुष म्हणजे बीज, ही आमची समजूत इतकी पक्की आहे की, ज्यास अपत्यच नाही असा मूळपुरुष आम्हांस कल्पिताही येत नाही. गोंडांचा पहांदी पारी कुपार लिंगो नेमका असा आहे. आणि त्याच्या कथेचे वाङ्मयीन मोल, आमच्या मते, या एका गोष्टीतच साठविलेले आहे.

अभनपुरास राहणाऱ्या मराठी माणसास लिंगो फार दूरचा नाही. येथून धमतरीवरून जाणारी सडक कांकेर ओलांडून बस्तरात उतरते. त्या बाजूच्या डोंगराळ मुलखात सेमरगावी लिंगो पेनचे ठाणे आहे. उलट दिशेस, रायपूरहून नागपूरकडे गाडीने निघाले की डोंगरगडानंतर दरेकसा स्टेशन लागते. त्याच परिसरात, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, कचारगडची गुहा आहे. लिंगोच्या चरित्राशी गोंड समाज हे स्थान जोडतो, आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. रजेवर घरी जाताना आपण एका महाकाव्याच्या दारावरून जातो, आणि बहुधा त्या वेळी डबा सोडून जेवत असतो!

हे काव्य छापून निघाले १८६६ साली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते परधानाच्या तोंडून उतरवून घेतले होते. १८६३ साली हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले, आणि मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. या पाठात महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुहेत कोंडतो. चार भाऊ तेवढे निसटतात. त्यांना लिंगो भेटतो. तो त्यांस शेती शिकवितो आणि विस्तवासाठी रिकाड गवाडी नावाच्या राक्षसाकडे जातो. तेथे तो शस्त्र काढीत नाही. भोपळ्याचे वाद्य करून वाजवितो, आणि म्हातारा राक्षस नाचू लागतो. त्याच्या सात मुली भावांच्या बायका होतात. लिंगो मात्र लग्न नाकारतो. पुढे त्याच भावजया त्याच्यावर खोटा आळ घेतात आणि भाऊ त्यास शिकारीच्या मिषाने नेऊन मारतात. एवढ्यावर न थांबता ते त्याचे डोळे काढून गोट्या खेळतात.

गोट्यांचा हा प्रसंग वाचून सभ्य वाचक दचकेल. आमच्या मते मात्र कथेचा कणा येथेच आहे. ज्यांना त्याने पेरणे शिकविले, विस्तव दिला, संसार दिले, त्यांच्याच हातून तो मरतो. आणि अमृताने उठल्यावर सूड न घेता, गुहेत अडकलेल्या सोळा विसा गोंडांच्या शोधास निघतो. रक्ताच्या नात्यावर समाज उभा राहत नाही, हे कथाकार उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता सांगून जातो. म्हणूनच मुक्ततेनंतर लिंगोचे मुख्य कार्य म्हणजे कुळांची वाटणी : कोण कोणाचा सगा, कोणाची कोणाशी सोयरीक. तो वंश देत नाही, नाती देतो. आणि नदी उतरविणाऱ्या कासवास दिलेले वचन पाळा, असे बजावून दिसेनासा होतो.

तुलनेसाठी पश्चिम आफ्रिकेतील एवे लोकांची परंपरा पाहावी. त्यांचे पूर्वज नोत्से येथे, आज टोगो देशात असलेल्या नगरात, अगोकोली या क्रूर राजाच्या तटात कोंडलेले होते. बायकांनी रोज एकाच जागी पाणी टाकून भिंत मऊ केली, आणि रात्री लोक बाहेर पडले, तेही उलट पावलांनी, की माग आत येणारा दिसावा. अन्लो शाखेचा नेता वेन्या समुद्राकाठी पोहोचला तो थकून. ‘मी आता आखडलो’ असे तो म्हणाला आणि त्या उद्गारावरून त्या भूमीस नाव पडले, असे सांगतात. गुहा असो की तट, बाहेर पडण्याच्या क्षणी जमावाचा समाज होतो. भेद इतकाच की वेन्या भूमीस नाव देतो, आणि लिंगो माणसांना एकमेकांचे करतो.

या कथेस नंतर लाभलेले हात सारखे नाहीत. फोर्सिथने १८७१ साली तिला लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर बसविले; ओळी गुळगुळीत झाल्या, परधानाचा श्वास गेला. व्हेरिअर एल्विन यांच्या मुरियांवरील ग्रंथात (१९४७) अठरा वाद्ये एकाच वेळी वाजविणारा, घोटुलाचा संस्थापक लिंगो भेटतो. तो अधिक प्रसन्न आहे. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी त्यास गोंडी पुनेमचा तत्त्ववेत्ता म्हणून मांडले. समाजाच्या आत्मसन्मानासाठी ते आवश्यक होते, हे आम्ही मान्य करतो. तरी भावांनी मारलेला लिंगो त्या तेजात झाकोळू नये, असे वाटते. यांपैकी कोणताही एक पाठ ‘खरा’ ठरविणे हे कोर्टाचे काम, टीकेचे नव्हे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावर रोज जातीचे दाखले, वंशावळी आणि वारसनोंदी येतात. त्या कागदांत मूळपुरुषाचा रकाना एकच असतो, आणि त्यात लिंगो मावत नाही. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना सेतुमाधवराव पगडींनी आदिलाबादच्या गोंडांची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले, ते रकान्याबाहेर ऐकण्याची तयारी होती म्हणून. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एखाद्या म्हाताऱ्या परधानापुढे बसून आपणही एक रात्र ऐकावी. लिंगोने राक्षसाकडून विस्तव आणला तो वाजवून. आपल्याला फक्त ऐकायचे आहे.