भिंतीवरची लक्ष्मी

राजा रविवर्मा यांच्याविषयी आपल्याकडील रसिक मंडळी बोलू लागली, की त्यांच्या बोलण्यात एक चमत्कारिक संकोच जाणवतो. तैलचित्रांची तारीफ होते. १९७९ साली सरकारने ती राष्ट्रीय कलानिधी ठरविली, याचाही उल्लेख होतो. पण छापील लक्ष्मी-सरस्वतीचा विषय निघाला, की 'कॅलेंडरातली कला' एवढे म्हणून हात झटकले जातात.

ही छापील चित्रे १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या छापखान्यातली. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा, आणि वर तैलचित्राचा भास देणारी चकाकी! आनंद कुमारस्वामींनी रविवर्म्यांच्या कलेस नाटकी म्हटले. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. दुसरा आक्षेप असा, की देवता बाजारात आली आणि व्यापाऱ्यांच्या जाहिराती तिच्या पायांशी छापल्या गेल्या. हा आक्षेप घेणाऱ्यांना मंदिराचा दरवाजा कधी बंद मिळालेला नसतो, असे मला वाटते. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली अस्पृश्यांना डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. चित्र विकणाऱ्या दुकानदारास मात्र पैसे मोजणाऱ्याची जात विचारण्याचे कारण नव्हते. चित्र मिळाले म्हणून मंदिरावरचा हक्क संपला, असा याचा अर्थ अर्थातच नव्हे. पण बाजाराने देव बाटविला म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. बाजाराने देवता सर्वांच्या घरी नेली खरी, पण नेली ती एकाच रूपात: गौर वर्ण, भरजरी वस्त्र, अंगभर दागिने, सुखवस्तू घरातील सुनेचा चेहरा. उन्हात राबणाऱ्या बाईने तिच्यापुढे दिवा लावावा, पण तिच्यात स्वतःस पाहू नये, अशीच ती मांडणी. छापील प्रतींच्या संख्येमुळे हा एक चेहरा म्हणजेच देवीचा चेहरा, असे पुढच्या पिढ्यांना वाटू लागले. नाटकीपणापेक्षा हा दोष मला अधिक गंभीर वाटतो.

हल्ली जुनी छापील चित्रे चोरबाजारातून हॉटेलांच्या भिंतींवर शोभेसाठी जातात. त्यांतल्या काहींवर जर आणि टिकल्या शिवलेल्या दिसतात. घरोघरच्या बायकांचे ते काम. माझ्या आजीनेही आपल्या सरस्वतीच्या पदरावर जुन्या शालूचा काठ शिवला होता, गळ्यात मणी ओवले होते. चेहऱ्यास मात्र तिने हात लावला नव्हता.