‘आम्ही’ म्हणजे कोण?

गेल्या प्रजासत्ताकदिनाची गोष्ट. सोलापूरहून विजापूरकडे जाताना वाटेत लागणाऱ्या आमच्या मंद्रूप गावी, शाळेच्या पटांगणात मुले संविधानाची उद्देशिका म्हणत होती. नातवाला पोचवायला आलेली एक आजी, अंगावर शेतमजुरीचे लुगडे, कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. झेंडावंदन आटोपल्यावर तिने मला गाठले आणि विचारले, “गुरुजी, पोरं ‘आम्ही, आम्ही’ म्हंत्यात, त्यात मी बी हाय का वो?”

मी घाईने ‘हो’ म्हणून मोकळा झालो. पण उभा जन्म मुलांना धड्यांचे अर्थ सांगण्यात घालवलेल्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची टोचणी घरी येईपर्यंत लागून राहिली.

आपल्या मराठीची एक मोठी सोय आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द तिच्यापाशी आहेत. शाळू हुरड्याला आला, की बांधावर आगटी पेटते. ‘आम्ही हुरडा खाणार आहोत,’ असे म्हटले की ऐकणारा आपल्या वाटेने निघून जातो; ‘आपण हुरडा खाऊ,’ म्हटले की तो तिथेच मांडी घालून बसतो. इंग्रजीत या दोहोंना मिळून एकच शब्द. त्या एका शब्दाने एका राष्ट्राच्या घटनेचा आरंभ झाला आहे, आणि म्हणून तो तपासून पाहावासा वाटतो.

अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी संमत झाला. वाङ्मय म्हणून पाहिले तर ती एक उत्तम फिर्याद आहे. आधी तत्त्व, मग राजाच्या अपराधांची लांबलचक यादी, आणि शेवटी निकाल. सर्व माणसे समान आहेत आणि शासितांच्या संमतीवाचून सत्तेला अधिकार नाही, ही तत्त्वे इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी मांडली असतील. पण हा मसुदा लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यात सहाशेंहून अधिक गुलाम बाळगले. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारा एक परिच्छेद त्याने लिहिला होता, तोही सभेने गाळून टाकला.

१७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार झाली. तिची बांधणी मला फार मोलाची वाटते. माणसाच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवता कायदेमंडळ, अध्यक्ष आणि न्यायालय यांना तिने एकमेकांवर पहारा करायला बसवले. १७९१ मध्ये दहा दुरुस्त्यांनी नागरिकांच्या हक्कांची हमीही तिला जोडण्यात आली. तथापि या मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही सापडत नाही. गुलाम मात्र आहेत! ‘इतर व्यक्ती’ अशा नावाखाली, पाच जणांचे तीन धरून, त्यांची मोजदाद केली आहे. ती त्यांना मत देण्यासाठी नव्हे. त्यांच्या मालकांच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात जास्त जागा मिळाव्यात म्हणून. जो शब्द लिहायची लाज वाटली, ती वस्तू ठेवायची लाज वाटली नाही. आरंभीचा तो शब्द ऐकायला ‘आपण’ होता. अर्थाने ‘आम्ही’च होता.

हे मराठीत सर्वांत आधी कोणी ओळखले असेल, तर जोतीराव फुल्यांनी, असे मला वाटते. अमेरिकन स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता टॉमस पेन याचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचले होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली, तेव्हा तिची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील लोकांच्या नावे लिहिली. धोंडीबाशी चाललेला जोतीरावांचा संवाद आपण आवडीने वाचतो आणि ही अर्पणपत्रिका ओलांडून पुढे जातो. पण त्यांनी मान कोणाला दिला, हे पाहावे. वॉशिंग्टनला नाही, जेफर्सनला नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. म्हणजे १७७६ च्या शब्दाला नव्हे, १८६५ च्या कृतीला. सनदेवरची इतकी नेमकी टीका दोन-चार ओळींत क्वचितच झाली असेल.

तिच्यात एक उणीव मला दिसते, तीही सांगितली पाहिजे. ती मुक्तिदात्यांचे आभार मानते. मुक्त होणाऱ्यांच्या हाताकडे तिचे लक्ष जात नाही. त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले होते. ‘आम्ही’चे ‘आपण’ कोणी कृपेने करून देत नाही. बाहेर ठेवलेल्यांना ते करून घ्यावे लागते. स्वतः जोतीरावांचे सारे आयुष्य याचीच साक्ष देते, अर्पणपत्रिका तेवढी देत नाही.

आपल्या उद्देशिकेतही शब्द ‘आम्ही’च आहे. पण येथे प्रौढ स्त्री-पुरुषांना, जमीन, जात, अक्षरओळख न विचारता, पहिल्या दिवसापासून मत मिळाले. अमेरिकेत स्त्रियांच्या मताला घटनेची हमी मिळायला १९२० साल उजाडावे लागले. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीला बजावले होते, की राजकारणात समता आणि समाजात व अर्थव्यवहारात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकीत आहोत. कागद लिहून झाल्यावर त्याच कागदाची इतकी परखड समीक्षा करणारा लेखक विरळाच.

त्या आजीला मी दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. पुन्हा भेटली तर सांगेन, “आजी, कागदावर तुम्ही त्यात आहातच. मतपेटीपाशी आहात. मजुरी ठरते तिथे, पंगत बसते तिथे आहात की नाही, हे मात्र मला विचारू नका. ते तुम्हीच आम्हाला सांगायचे आहे.”

एवढे म्हणताना माझ्याही तोंडून ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ निसटलेच! सवय जुनी आहे. यंदा हुरड्याला तिलाच बोलवावे म्हणतो.